केलापा गाडिंग (जकार्ता)

केलापा गाडिंग हा इंडोनेशियातील उत्तर जकार्ता विभागाचा एक प्रशासकीय उपविभाग असून मध्यमवर्गीय व धनिक वस्तीचे व्यापारी उपनगर म्हणून तो ओळखला जातो. पश्चिम केलापा गाडिंग, पूर्व केलापा गाडिंग आणि पेगांगसाआन दुआ असे त्याचे तीन प्रभाग आहेत. उत्तरेला तांजुंग प्रिओक बंदर आणि आग्नेयेला पुलो गाडुंगची औद्योगिक वसाहत, या दोहोंच्या मधोमध हा भाग येतो. माल उतरतो तिथून आणि तो वापरला जातो तिथून घर जवळ असणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. उपनगर इथेच का फोफावले, याचे निम्मे उत्तर या भूगोलात आहे.

उरलेले निम्मे उत्तर जमिनीच्या भावात आहे. १९७०च्या दशकापर्यंत येथे दलदल आणि भातखाचरे होती, त्यामुळे जमीन स्वस्त मिळे. १९७५ साली सुतजिप्तो नागारिया आणि त्यांच्या भागीदारांनी सुमारेकोन आगुंग ही कंपनी स्थापन केली व सुमारे १० हेक्टर दलदलीच्या जागेवर घरबांधणी सुरू केली. त्या काळी जकार्तातील पैसेवाल्यांचा ओढा शहराच्या दक्षिणेकडे होता. समुद्राजवळच्या सखल, डासांनी भरलेल्या जमिनीवर बंगले घ्यायला कोण येणार, ही शंका रास्तच होती. कंपनीने घरे विकून झाल्यावर पाठ फिरवली नाही. रस्ते, बाजार, शाळा, क्रीडासंकुल आणि १९९० साली केलापा गाडिंग मॉल अशी भर ती घालत गेली. त्याच वर्षी तिचे समभाग जकार्ताच्या शेअर बाजारात आले. पुढे आगुंग पोदोमोरोसारख्या इतर विकासकांनीही येथे मोठे गृहप्रकल्प व मॉल ऑफ इंडोनेशिया उभारला. सुमारेकोनने हाच साचा नंतर सेर्पोंग, बेकासी आणि बांडुंग येथे वापरला.

येथील वस्तीत चिनी वंशाच्या इंडोनेशियन कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे. उपनगराच्या खाद्यसंस्कृतीत ते लगेच जाणवते. बुलेवार राया या मुख्य रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत नूडल्सची, तांदळाच्या पेजेची, समुद्री खाद्याची दुकाने पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असतात. २००४ पासून येथे फॅशन आणि खाद्यपदार्थांचा वार्षिक महोत्सवही भरतो. ही दुकाने बहुतेक ‘रुको’ प्रकारच्या इमारतींत असतात. रुको म्हणजे खाली दुकान आणि वर राहती जागा असलेली, शेजारच्या इमारतीला भिंत लावून उभी केलेली तीन-चार मजल्यांची अरुंद इमारत. मे १९९८च्या दंगलींत जकार्तातील चिनी वंशीयांची घरे-दुकाने लक्ष्य झाली. त्यानंतर शहरातील अशा वस्त्यांच्या गल्ल्यांना फाटके व पहारेकरी बसले, आणि ते आजही आहेत. एकच प्रवेशद्वार असलेल्या ‘क्लस्टर’मधल्या घराला जादा भाव मिळतो, त्याला सुरक्षिततेची ही आठवण थोडीफार कारणीभूत असावी.

रोजच्या व्यवहारात रहिवाशाचा पहिला संबंध येतो तो ‘आरटी’ आणि ‘आरडब्ल्यू’ या शेजार-समित्यांशी. काही डझन कुटुंबांची एक आरटी आणि अशा अनेक आरटी मिळून एक आरडब्ल्यू. या रचनेची मुळे जपानी ताब्याच्या काळातील शेजार-गटांत आहेत. नव्या भाडेकरूची नोंद, पत्त्याचा दाखला, पहारा व कचऱ्याची वर्गणी हे सारे त्यांच्यामार्फत होते. परक्या माणसाने घर भाड्याने घेतले तर आरटीच्या प्रमुखाला भेटणे टाळू नये. ते शिष्टाचाराला धरून आहे आणि पुढची कामेही त्यानेच सुकर होतात.

शिक्षण-आरोग्याच्या सोयी हाताशी आहेत आणि मॉल तर गरजेपेक्षा जास्तच. वाहतुकीची मात्र तक्रार जुनी आहे, कारण उपनगर मोटारी गृहीत धरून आखले गेले. १ डिसेंबर २०१९ रोजी जकार्ता एलआरटी ही हलकी शहरी रेल्वे प्रवाशांसाठी नियमित सुरू झाली. पेगांगसाआन दुआ ते वेलोड्रोम असा ५.८ किलोमीटरचा हा मार्ग आणि त्यावरची सहा स्थानके २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बांधण्यात आली. मार्ग मांगाराई या रेल्वे जंक्शनपर्यंत जोडला जाईपर्यंत त्याचा उपयोग मर्यादितच राहणार हे उघड होते. म्हणूनच वेलोड्रोम–मांगाराई विस्तार हाती घेण्यात आला. २०२१ मध्ये केलापा गाडिंग ते पुलो गेबांग हा उन्नत टोल रस्ताही खुला झाला.

केलापा गाडिंगच्या घराचा भाव ठरवणारी खरी गोष्ट पाणी ही आहे. दलदल बुजवली तरी पाण्याची वाट बदलत नाही. वरून सुंतर व इतर नद्या येतात, खालून भरतीचा दाब असतो आणि मध्ये बशीसारखी जमीन. त्यात भूजलाच्या अतिउपशामुळे उत्तर जकार्ताचे काही भाग दरवर्षी काही सेंटिमीटर खचतात. २००२ आणि फेब्रुवारी २००७च्या महापुरांत हे उपनगर पाण्याखाली गेले. जानेवारी २०२० मध्येही अनेक रस्ते बुडाले. तळी, पंप आणि खोल केलेले कालवे यांमुळे पाणी लवकर उतरते, पण ते येतच नाही असे नाही. जाहिरातींतील ‘पूरमुक्त’ या शब्दावर म्हणून विसंबू नये. रस्त्यापेक्षा जोते किती उंच आहे, जुन्या भिंतीवर डाग कुठवर आहेत आणि २००७ साली गल्लीत पाणी कुठपर्यंत होते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारावे. एकाच बुलेवारच्या दोन बाजूंना भावात फरक पडतो तो अनेकदा याच उत्तरांवरून.

गुंतवणुकीचे प्रकार ढोबळमानाने तीन आहेत : क्लस्टरमधले जमिनीवरचे घर, रुको आणि सदनिका. घराची जमीन इथे सहसा हातची सोडली जात नाही, म्हणून तिचा भाव टिकतो. सदनिकांचे तसे नाही. नवे मनोरे उभे राहत गेले की जुन्यांचे भाडे दबते, देखभालीचा मासिक आकार मात्र चालूच राहतो. घरभाडे बहुधा वर्षाचे एकरकमी आगाऊ घेण्याची रीत आहे. मालकाला ती सोयीची, पण नव्याने आलेल्या कुटुंबाला जड जाते.

हक्काचा प्रकार पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. १९६०च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, केवळ इंडोनेशियन नागरिकाला मिळते. खासगी कंपन्यांना ती मिळत नसल्याने विकासक ‘हाक गुना बांगुनान’ या मुदतीच्या बांधकाम-हक्कावर घरे विकतात. त्याची मुदत ३० वर्षे, वाढ २० वर्षे आणि नूतनीकरण ३० वर्षे असते. नागरिक खरेदीदार राहत्या घराचा हक्क पुढे पूर्ण मालकीत बदलून घेऊ शकतो. परदेशी व्यक्तीला जमिनीवरच्या घरासाठी ‘हाक पाकाई’ हा वापर-हक्कच मिळतो. २०२२च्या आदेशानुसार जकार्तात परदेशी व्यक्तीने घ्यावयाच्या घराची किमान किंमत ५ अब्ज रुपिया आणि सदनिकेची ३ अब्ज रुपिया आहे. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन खासगी करार करून ठेवण्याची पळवाट दलाल हमखास सुचवतात. १९६०च्या जमीन कायद्याच्या २६व्या कलमानुसार परदेशी व्यक्तीकडे मालकी वळवणारा असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. खरेदीखत सरकारमान्य भूमि-दस्तऐवज अधिकाऱ्यासमोर होते. खरेदीदाराला ठरावीक वजावटीनंतर ५ टक्के हस्तांतरण कर, तर विक्रेत्याला २.५ टक्के प्राप्तिकर भरावा लागतो.

भारतातून पैसे पाठवून घर घेणाऱ्या निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा लागू होते. ती माणशी एका आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे. डॉलरला १६ हजार रुपिया धरले तर ३ अब्जांची सदनिका या मर्यादेत बसते. ५ अब्जांच्या घराला एकट्याची एका वर्षाची मर्यादा पुरत नाही.