उन्हाला चिडणारी त्वचा आणि त्सुकुबाच्या मातीतले मलम

इंदूरला रामबागेत राहणारे माझे मामा निवृत्तीनंतर रोज सकाळी मोकळ्या प्लॉटांच्या कडेने फिरायला जात. दोनेक वर्षांत त्यांचा चेहरा, मान आणि हात काळवंडून चामड्यासारखे जाड झाले, रात्रभर खाज सुटू लागली; मात्र अर्ध्या बाहीची कड जिथे येई तिथे हा विकार रेघ आखल्यासारखा थांबे आणि कानांमागची, हनुवटीखालची व वरच्या पापण्यांची त्वचा निर्मळ राही. नुसती हवेतून येणाऱ्या कणांची ॲलर्जी असती, तर या सावलीतल्या जागाही सहसा सुटल्या नसत्या. निदान झाले ते ‘क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस’, म्हणजे प्रकाशामुळे होणारा त्वचेचा चिवट दाह, असे.

बहुधा पन्नाशीपुढच्या पुरुषांना होणाऱ्या या विकारात प्रकाश पडलेल्या त्वचेवर शरीराच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) तुटून पडतात. अनेक रुग्णांना जोडीने वनस्पतींची ॲलर्जी असते, आणि आपल्याकडे त्यातली मुख्य संशयित म्हणजे गाजर गवत (इंदुरात मराठी घरांतही ‘गाजर घास’च म्हणतात). त्यातले पार्थेनिन हे द्रव्य त्वचेला चिडवते. मामांची पॅच टेस्ट (संशयित द्रव्य त्वचेवर चिकटवून केलेली ॲलर्जीची चाचणी) त्यालाच उठली.

स्टेरॉइडचे मलम दाह लवकर शमवते, पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि रक्तवाहिन्या दिसू लागतात. तरीही मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब आणणारे घरोघरी आहेत. टॅक्रोलिमसच्या मलमाने त्वचा पातळ होत नाही. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतील एका जिवाणूपासून १९८४ साली मिळालेले हे औषध आधी अवयव प्रत्यारोपणात वापरात आले. ते टी-पेशीतल्या कॅल्सिन्यूरिन या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे दाहाची हाक देणारी रसायने बनतच नाहीत. त्याचा रेणू बराच मोठा, सुमारे ८०० डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) इतका आहे. म्हणून तो मुख्यतः सुजलेल्या त्वचेतूनच आत शिरतो आणि त्वचा सुधारत जाईल तसा त्याचा शिरकाव आपोआप कमी होतो. मला या औषधातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

हे मलम ०.०३ आणि ०.१ टक्के अशा दोन तीव्रतांत मिळते. अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली ती ॲटोपिक डर्मटायटिस या इसबाच्या प्रकारासाठी. मामांच्या विकारात डॉक्टर ते अनुभवाने देतात. पहिले काही दिवस इतकी आग होते, की मामा ट्यूब फेकून द्यायला निघाले होते. कर्करोगाच्या शंकेमुळे २००६ पासून अमेरिकेत वेष्टनावर ठळक इशारा असतो. तसा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नसला तरी मलम लावलेल्या त्वचेला ऊन टाळण्याची शिफारस आहे. विकार फारच पसरला तर ॲझाथायोप्रीनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्याबरोबर नियमित रक्ततपासणी ओघानेच येते.

मलम प्रकाश मात्र अडवत नाही. मामांनी फिरणे बंद केले, पूर्ण बाह्यांचे सदरे शिवले, तरी डावा गाल बरा होईना. ते रोज दोन तास बंद खिडकीशी पेपर वाचत बसत, आणि साधी काच उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण रोखते, पण यूव्हीए बरेचसे आत येऊ देते. मामींनी खुर्ची देवघराच्या भिंतीशी हलवली, त्यानंतर तो गालही निवळू लागला.