आला का जी पार्ट? : नागपुरातील दुचाकी डीलर, सुटे भाग आणि वॉरंटी यांची पार्श्वभूमी

नागपुरातल्या बहुतेक दुचाकी शोरूमच्या मागे, वर्कशॉपच्या भिंतीला टेकून, दोन-चार गाड्या कायम उभ्या दिसतात. सीटवर धुळीचा थर, हँडलला अडकवलेले जॉब कार्ड. एकीला एबीएसचे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) युनिट हवे असते, दुसरीला मीटर, तिसरीला मुख्य वायरिंग. गाडी वॉरंटीत आहे, म्हणून ग्राहकाला दुरुस्ती फुकट आणि ताबडतोब हवी. पार्ट कंपनीच्या गोदामात नाही, म्हणून ती होत नाही. ‘आला का जी पार्ट?’ असा फोन मात्र रोज सकाळी डीलरलाच येतो. ही तक्रार नवी वाटते, पण तिचे धागे चाळीस-पन्नास वर्षे मागे जातात.

परवाना राज्याच्या काळात टंचाई गाडीची होती. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. विक्रीची चिंता नसलेला डीलर हा त्या काळचा मोठा माणूस. सुट्या भागांचा पुरवठा तेव्हाही धडाचा नव्हता, पण त्याचा कुणी फारसा बाऊ केला नाही, कारण गाडीच अशी होती की बाजारातला मिस्त्री तिला उभी करी. बुलेट, राजदूत, येझदी यांचे सिलिंडर बिडाचे. पिस्टन घासला की लेथवाल्याकडे बोअर करून (सिलिंडर आतून कातून) ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.०० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. म्हणजे एकाच ब्लॉकवर चार वेळा नवे आयुष्य. येझदीच्या क्लच प्लेटला नवे कॉर्क बसवून मिळत. ठिणगी पाडणारे पॉइंट कानशीने घासून, फट जुळवून गाडी पुन्हा चालू होई. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी येझदी रस्त्यावर पुढची कितीतरी वर्षे दिसत राहिली ती याच जोरावर. अपवाद राजदूत ३५० चा. १९८३ मध्ये आलेल्या त्या गाडीचे भाग महाग आणि दुर्मीळ होते, आणि लेथवाल्याला त्यांतले फार थोडे जमत. पुढे काय येणार याची ती पहिली चुणूक होती.

१९८४-८५ पासून जपानी भागीदारीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, मग कावासाकी-बजाज. या गाड्यांबरोबर डीलरशिपचा आजचा साचा आला. विक्री, सर्व्हिस आणि स्पेअर एकाच छताखाली, फ्री सर्व्हिसची कुपने, पार्ट नंबरांचे जाडजूड कॅटलॉग आणि ‘कंपनीचाच पार्ट’ हा आग्रह. वॉरंटी हा शब्द सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडी याच काळात बसला. याच सुमारास १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि डीलरला प्रथमच ग्राहक मंचासमोर उत्तर देण्याची वेळ आली. वचन कंपनीचे आणि पाळणारा डीलर, ही विभागणी तेव्हाच ठरून गेली. तिच्यातली गोम दिसायला बराच काळ लागला, कारण शंभर सीसीच्या त्या गाड्या बिघडतच कमी होत.

नागपूरची जागाही लक्षात घ्यायला हवी. झिरो माईलचे शहर म्हणून आपण मिरवतो, पण दुचाकीचा एकही मोठा कारखाना जवळ नाही. सर्वांत जवळचा म्हणावा तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचा, तोही पाचशे किलोमीटरच्या आसपास. चाकण, होसूर, चेन्नई, हरियाणा तर त्याहून लांब. त्यात जकात होती. पुण्याहून निघालेली पार्टची पेटी शहराच्या नाक्यावर कागदाअभावी अडकली की दोन दिवस गेले. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्यानंतर वाडी भागातल्या गोदामांची संख्या वाढली, समृद्धी महामार्गाने वाहतूक सोपी केली (दुचाकीला स्वतःला त्या रस्त्यावर बंदी आहे, हा भाग वेगळा). रस्ता सुधारला तशी पेटी लवकर यायला हवी होती. पण तोवर पेटीतला मालच बदलून गेला होता.

बदलाची सुरुवात २९ मार्च २०१७ पासून धरता येते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ (धुराच्या जुन्या निकषांच्या) गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि दोन दिवसांत देशभर शोरूमवर झुंबड उडाली. गाड्या गेल्या, पैसा मोकळा झाला. पण कारखान्याने जे मॉडेल सोडून दिले त्याच्या गाड्या एकदम इतक्या संख्येने रस्त्यावर आल्या, आणि पुढची काही वर्षे त्यांना पार्ट पुरवणे डीलरच्या वाट्याला आले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना कंबाइंड (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारे) ब्रेक सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला.

कार्ब्युरेटर जाण्याचा अर्थ वर्कशॉपच्या बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. त्यातला जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) तुंबला तर पेट्रोलने धुऊन, हवा मारून अर्ध्या तासात काम होई. आता त्या जागी थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, टाकीतला फ्यूएल पंप, ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक). यातले काहीही उघडून दुरुस्त करायचे नसते, अख्खे बदलायचे असते. फ्यूएल पंपाची मोटार गेली तरी बहुतेक गाड्यांत पंप, फिल्टर, फ्लोट असे पूर्ण मॉड्यूलच येते. बऱ्याच नव्या इंजिनांचे सिलिंडर अॅल्युमिनियमचे आणि आतून कठीण थर दिलेले. त्यांना बोअर नाही, ओव्हरसाइज नाही. पिस्टन ओढला की ब्लॉकसकट किट. लेथवाल्याचा संबंध संपला आणि त्याच्याबरोबर डीलरची पळवाटही.

दुसरी अडचण नंबरांची. एप्रिल २०२३ मध्ये दुचाकींना ओबीडी-२ चा (गाडीतला बिघाड गाडीनेच ओळखून दाखवण्याच्या यंत्रणेचा) पहिला टप्पा लागू झाला, त्यानंतर दुसरा. त्यामुळे टाकीवर नाव एकच असले तरी एकाच मॉडेलच्या बीएस-४, बीएस-६ आणि ओबीडीवाल्या अशा तीन-चार वायरिंग असू शकतात. मॉडेलच्या नावावर ऑर्डर दिली की कपलर (वायरिंग जोडणारा प्लग) जुळत नाही. मग परत पाठवणे, पुन्हा मागवणे, यात पंधरा दिवस जातात. म्हणून जाणता पार्ट मॅनेजर चासी नंबरची सतरा अक्षरे टाकल्याशिवाय ऑर्डर करत नाही, आणि जुना नंबर रद्द होऊन नवा आला आहे का हे आधी तपासतो. रद्द झालेल्या नंबरची ऑर्डर सिस्टीममध्ये महिनाभर नुसती पडून राहते. नकारही येत नाही, मालही येत नाही.

आता पुरवठा मुळात का तुटतो ते पाहू. एबीएस युनिट किंवा मीटर कंपनी स्वतः बनवत नाही, व्हेंडर (तिचा पुरवठादार) बनवतो. त्याच्याकडून निघालेला नग एकतर असेंब्ली लाइनला जातो, नाहीतर स्पेअरच्या गोदामात. स्पेअरसाठी त्याला वेगळे पॅकिंग, पार्ट नंबर आणि एमआरपीचे लेबल लागते. माल कमी पडला की लाइन थांबवणे कंपनीला परवडत नाही, वर्कशॉपमधली गाडी थांबवणे परवडते. २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई झाली तेव्हा हे उघड दिसले. एबीएसच्या कंट्रोलरअभावी नव्या गाड्याच अडकल्या होत्या, तिथे स्पेअरला कोण विचारतो! एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा विद्युत दुचाकींच्या मोटारींची हीच गत झाली. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर दरवर्षीच हे होते. त्या दोन महिन्यांत गाड्यांचे ट्रक येतात, पार्टच्या पेट्या रेंगाळतात.

वॉरंटीच्या पैशाचे गणित आणखी अवघड आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. पार्ट डीलरने बहुधा आधी पैसे भरून घेतलेला असतो. गाडी आली की किलोमीटर, चासी नंबर आणि तक्रार ग्राहकाच्या शब्दांत जॉब कार्डावर लिहायची. बिघाडाचा फोटो काढायचा, ज्यात पार्टवरचा कोड वाचता आला पाहिजे. पार्ट बदलायचा, जुन्याला टॅग लावून क्लेम नंबर घालायचा, ठरलेल्या दिवसांत सिस्टीमवर क्लेम भरायचा. जुना पार्ट तपासणीपर्यंत सांभाळायचा, तो गहाळ झाला तर मंजूर पैसेही वजा होतात. मजुरी मिळते ती कंपनीने ठरवलेल्या वेळेप्रमाणे. पूर्ण वायरिंग बदलायला मेकॅनिकचा दिवस गेला तरी तक्त्यात दीड तास लिहिला असेल तर दीड तासाचेच पैसे, आणि तेही क्रेडिट नोटने (रोख नाही, खात्यात जमा), पुढच्या महिन्यात किंवा त्याच्याही पुढच्या.

क्लेम नाकारले जातात ते बहुतेक ठरावीक कारणांनी. फ्री सर्व्हिसची मुदत चुकलेली, तेल दुसरेच घातलेले, फोटोत कोड अस्पष्ट, किंवा मूळ बिघडलेला पार्ट सोडून त्याच्यामुळे बिघडलेल्या पार्टवर क्लेम टाकलेला. नागपुरात एक कारण हटकून सापडते: बाहेरून बसवलेले एलईडी दिवे आणि मोठा हॉर्न. त्यासाठी मुख्य वायरिंग सोलून जोड मारलेला असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात वाढीव लोड, म्हणून रेग्युलेटर (विजेचा दाब आवरणारा भाग) जळतो आणि पाठोपाठ बॅटरी. कंपनीचा माणूस जोड पाहतो आणि क्लेम बाद करतो. ग्राहकाच्या मते दिवे आणि रेग्युलेटरचा काही संबंध नसतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन सेट, केबल आणि रबर वॉरंटीत येत नाहीत, बॅटरी आणि टायरचे क्लेम त्या-त्या कंपनीकडे जातात. हे गाडी देतानाच लिहून सांगितले तर अर्धे भांडण वाचते, पण विक्रीच्या काउंटरवर ‘पाच वर्षे बघायचं काम नाही’ हेच ऐकायला मिळते.

करातही गोंधळ होता. वॉरंटीत फुकट बदललेल्या पार्टवर जीएसटी कुणी भरायचा यावर वर्षानुवर्षे नोटिसा येत. १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने तो बराचसा सुटला. ग्राहकाकडून पैसे घेतले नाहीत तर त्याच्यावर कर नाही. डीलरने स्वतःच्या साठ्यातला पार्ट लावून कंपनीकडून पैसे घेतले तर ते कंपनीला केलेले विक्रीचे बिल आणि त्यावर कर. कंपनीने वेगळा मोबदला न घेता पार्टच भरून दिला तर कर नाही. मजुरीचे पैसे कंपनीकडून घेतले तर त्यावर कर आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा रॅकवर जुन्या दराने घेतलेला माल असलेल्यांच्या खात्यात आधी भरलेल्या कराचे क्रेडिट साचून राहिले.

या सगळ्यातून वाट काढायच्या पद्धतीही डीलरांनी घडवल्या. पहिली, उभ्या गाडीसाठी नेहमीच्या साठ्याच्या ऑर्डरीत पार्ट न घालता चासी नंबर देऊन ‘गाडी बंद’ प्रकारची तातडीची ऑर्डर टाकणे. भाडे जास्त पडते, पण रांगेत पुढे जागा मिळते. दुसरी, अमरावती, चंद्रपूर, रायपूरच्या डीलरकडून उसना पार्ट. तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून किंवा एसटीच्या पार्सलने येतो. काटोल, उमरेड, सावनेरच्या सब-डीलरचे पार्टही गणेशपेठ स्थानकातून असेच जातात. तिसरी, शोरूममधल्या नव्या गाडीचा पार्ट काढून ग्राहकाच्या गाडीला लावणे. ती सर्वांत धोक्याची. मीटरमध्ये किलोमीटरची नोंद असते, ईसीयू आणि चावी काही गाड्यांत एकमेकांशी बांधलेली असतात. वर ती नवी गाडी अपुरी म्हणून अडकते आणि तिच्यावरचे व्याज रोज चालू राहते. तरी तक्रार ग्राहक आयोगापर्यंत (पूर्वीच्या मंचापर्यंत) जाणार असे दिसले की पुष्कळ जण हाच मार्ग घेतात.

२३ सप्टेंबर २०२३ ला या व्यवस्थेची परीक्षा झाली. पहाटेच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरले आणि गाड्या बुडाल्या. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, ते विम्याचे काम. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचाच नसतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचे, दुधासारखे झालेले तेल आणि फिल्टर बदलायचे, कपलर उघडून वाळवायचे. ज्यांनी आधी स्टार्टर दाबला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले. अशा वेळी एअर फिल्टर, सेल्फ रिले, बेअरिंग हे एरवी सहज मिळणारे भागही एकदम सगळ्यांनाच लागतात, आणि साठ्याची ऑर्डर मागच्या तीन महिन्यांच्या खपावर बेतलेली असते.

कायद्याने काही दारे उघडली, पण दुचाकी डीलरसाठी अर्धवट. २५ ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल १४ कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला. त्या सगळ्या कार कंपन्या होत्या. २०१९ च्या ग्राहक कायद्याने उत्पादकाची जबाबदारी वेगळी मांडली. विक्रेत्याने कंपनीपेक्षा वेगळी हमी स्वतःच्या तोंडाने दिली तर मात्र तो अडकतो, म्हणून काउंटरवरचे ते ‘पाच वर्षे’ महागात पडू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये गोव्यातील एका कारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीलरशी मालक-मालक (दोघेही स्वतंत्र व्यापारी, कुणी कुणाचा एजंट नाही) असा करार असेल तर डीलरच्या चुकीसाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही असे सांगितले. कंपन्यांना तो निकाल सोयीचा ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चे (दुरुस्तीच्या हक्काचे) पोर्टल सुरू केले. त्यावर पार्ट कुठे मिळेल हे कळते, पण गोदामात तो आहे का, हे त्यातून कळत नाही.

करार संपला किंवा कंपनीनेच गाशा गुंडाळला तर काय, हा प्रश्न सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातला कारखाना बंद करायचे जाहीर केले तेव्हा देशभर चर्चेत आला. डीलरला संरक्षण देणारा वेगळा फ्रँचायझी कायदा आपल्याकडे नाही. डीलरांच्या संघटनेची, फाडाची, ती जुनी मागणी आहे. उरलेले पार्ट कंपनीने परत घ्यायचे की नाही हे करारातल्या एका ओळीवर असते. १९९६ नंतर येझदीचे शिल्लक भाग ज्यांच्याकडे होते त्यांना गिऱ्हाईक शोधत आले. आज एखादे मॉडेल बंद झाल्यावर रॅकवर राहिलेले ईसीयू आणि मीटर एकाच पिढीच्या, एकाच सॉफ्टवेअरच्या गाडीला चालतात. बाकीच्यांसाठी ते मार्चअखेरच्या साठ्याच्या यादीत ‘डेड स्टॉक’ या रकान्यात जातात.