रक्ताची चिळकांडी किती उंच?

गंगापूर धरणाच्या काठावर तंबू ठोकले, शेकोटी पेटवली, शिबिरातली दहा-बारा पोरं जमवली आणि झाडामागे मुखवटा चढवलेला कोयतेवाला उभा केला, की स्लॅशर कॉमेडीची, म्हणजे खुनांच्या रक्तबंबाळ पण विनोदी सिनेमाची, निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी खोट्या रक्ताची. ते जरा पातळ झालं की सरबत दिसतं आणि प्रेक्षक नको तिथे हसतो.

हवं तिथे हसवायचं, तर आधी खऱ्या रक्ताचं गणित माहीत हवं. रक्तदाबाचा वरचा आकडा निरोगी माणसात 120 च्या आसपास असतो, म्हणजे 120 मिलिमीटर उंच पाऱ्याच्या स्तंभाएवढा दाब. पारा पाण्याच्या 13.6 पट जड आणि रक्त 1.06 पट. भागाकार केला की रक्ताचा स्तंभ येतो साधारण 1.54 मीटर, पाच फुटांच्या थोडा वर. धमनी कापली तरी चिळकांडी याहून उंच जाऊ शकत नाही. घर्षणामुळे प्रत्यक्षात कमीच जाते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून हे मोजलं होतं. रक्त 8 फूट 3 इंच चढलं, आणि 1733 मध्ये त्याने ते छापलं. तेव्हा पाच फुटांच्या आत भीती, त्यावर विनोद. तंबूच्या छताला भिडणारं कारंजं कोणालाच खरं वाटत नाही, म्हणूनच ते हसवतं.

उंची खोटी चालते. रंग आणि दाटपणा मात्र खरा लागतो. नुसत्या पाण्यात लाल रंग कालवला की तो पारदर्शक राहतो. रक्त तसं नसतं, कारण त्याचा जवळजवळ 45 टक्के भाग तांबड्या पेशींचा असतो आणि त्या प्रकाश विखुरतात. दाटपणाही चंचल. रक्त वेगाने वाहताना पाण्याच्या तीन-चार पटच दाट असतं. संथ झालं की पेशी नाण्यांच्या थप्पीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि ते घट्ट होतं. म्हणून ते जखमेतून झपकन येतं, पण गालावर रेंगाळतं. मध किंवा नुसता पाक हे करत नाही. शिजवलेलं कॉर्नफ्लॉवर करतं.

एक लिटर पाण्यातलं कपभर बाजूला काढा आणि त्या गार पाण्यात 20 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. उरलेल्या पाण्यात 200 ग्रॅम साखर घालून उकळी आणा, वरचं मिश्रण धार धरून ओता आणि दोन मिनिटं ढवळत शिजवा. स्टार्च साधारण 62 ते 72 अंशांदरम्यान फुगतो; तिथवर न नेता उतरवलं तर पीठ तळाशी बसतं आणि नळी तुंबते. बहुतेक फजिती इथेच होते. गार झाल्यावर खाण्याचा लाल रंग, दोन चमचे कोको (अपारदर्शकपणासाठी) आणि थोडा पिवळा रंग घाला. पिवळा कशाला? बाजारातला लाल द्रवरंग बहुधा कार्मोइसिन असतो. त्याची झाक निळसर, त्यामुळे पातळ थरात तो गुलाबी दिसतो. शिरेतलं काळपट रक्त हवं असेल तर निळ्याचा एकच थेंब. चेहऱ्यावर थापायच्या रक्तासाठी कॉर्नफ्लॉवर 40 ग्रॅम करा. बीटच्या नादी लागू नका, त्याचा रंग उष्णतेने तपकिरी पडतो. आणि सुटा, बेनामी रंग तोंडाजवळ नेऊ नका. त्यात बंदी असलेलं रोडामाइन असू शकतं.

रंगाची ही कटकट फाळक्यांना नव्हती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशकात स्टुडिओ थाटलेल्या दादासाहेबांच्या काळातली फिल्म लाल प्रकाशाला आंधळी होती. तांबडं ते पडद्यावर काळं. पुढेही कृष्णधवलमध्ये फक्त दाटपणाच मोजला जाई. 1960 च्या ‘सायको’त तर चॉकलेट सिरप वाहिलं.

आता चिळकांडी. द्राक्षबागेत पाठीवर घेतात तो 16 लिटरचा फवारणी पंप उत्तम चालतो (टाकी भरली म्हणजे तीन माणसांचं रक्त), पण तो कोरा हवा. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी प्लॅस्टिकमध्ये आणि वायसरांत विष मुरलेलं राहतं. नोझल काढून गवंड्याची लेव्हलची नळी जोडा. सलाइनची नळी लपवायला सोपी म्हणून अनेकजण तीच घेतात आणि मग नुसतं ठिबकतं. दाट द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो: त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा. पंपाला दोन-चार हापसे पुरेत, आणि प्रत्येक सांध्याला क्लिप हवीच. 1980 च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये गळ्यातून बाण येण्याच्या दृश्यात नळी पंपावरून निसटली, मदतनिसाने ती तोंडात धरून फुंकली आणि रक्त बुडबुडत आलं. पंपाने इतकं छान जमलं नसतं.

मे महिन्यात स्टार्चचं हे मिश्रण रात्रभर बाहेर राहिलं तर आंबतं, वायूने कॅन फुगतो. रोज ताजं करा नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. टिकवायला लिंबू पिळायचं असेल तर गार झाल्यावरच, कारण आम्लासोबत उकळलं की स्टार्च तुटतो आणि रक्ताचं पाणी होतं. साखरेवर मधमाश्या येतात, त्यामुळे रक्ताची दृश्यं संध्याकाळनंतर ठेवलेली बरी.

कपडे सुती घ्या, एकाच मापाचे तीन जोड. खाण्याचे रंग प्रथिनांना आणि नायलॉनला घट्ट चिकटतात, सुतीला फारसे नाहीत. रेशमी ओढणी वाया जाते, नायलॉनचा तंबूही. कातडी आणि केस प्रथिनांचेच. म्हणून चेहऱ्याला आधी खोबरेल चोळा, आणि ज्या आजोबांचे केस पांढरे आहेत त्यांना शक्यतो गळा दाबून मारा.