टॅरांटुला कोळ्यांतील सूत्रकृमी-संसर्ग

थेराफोसिडी कुलातील पाळीव कोळ्यांना सूत्रकृमींमुळे होणारा, बहुधा प्राणघातक रोग. त्याचे दोन प्रकार आढळतात. मर्मिथिडी कुलातील लांब कृमी रानातून पकडलेल्या कोळ्यांच्या उदरात वाढतात आणि शेवटी त्वचा फोडून बाहेर पडतात. यजमान, म्हणजे कृमी अंगात बाळगणारा कोळी, मरतो, पण रोग सहसा शेजारच्या पेटीत पसरत नाही. दुसरा प्रकार मुखाचा असून संग्राहकांना त्याचीच खरी धास्ती असते.

मुखसंसर्गाच्या नोंदी साधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागतात. त्या काळी हे कृमी पॅनॅग्रोलायमिडी कुलात गणले जात. घोड्यांना व क्वचित माणसांनाही जीवघेणा ठरणारा हॅलिसेफॅलोबस हा सूत्रकृमी याच कुलातील असल्याने कोळी हाताळणाऱ्यांनाही सावध केले गेले. पुढे 2018 मध्ये पोलंडमधील कोळ्यांवरून टॅरँटोबेलस ही सूत्रकृमींची नवी प्रजाती (जीनस) प्रस्थापित झाली व ती ब्रेव्हिब्युसिडी कुलात ठेवण्यात आली. लॉस एंजेलिस परिसरातील पैदास-केंद्रातील कोळ्यांत सापडलेल्या दुसऱ्या जातीचे वर्णन 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी केले. 'अरॅक्नोफोबिया' (1990) या कोळ्यांवरील चित्रपटातील नट जेफ डॅनियल्स यांच्यावरून तिला टॅ. जेफडॅनियल्सी हे नाव मिळाले. तिच्यात नराशी समागमावाचून प्रजनन होते. आयुष्य सरासरी सुमारे 11 दिवसांचे आणि संतती सुमारे 160. जुन्या नोंदींतील ओळख बव्हंशी कुलापुरतीच असल्याने त्यांत एकाहून अधिक जाती मिसळल्या असाव्यात, असे मानावयास जागा आहे.

हे कृमी खरे परजीवी आहेत काय, हा प्रश्न वादाचा आहे. कोळी पाचकरस भक्ष्यावर सोडून द्रवरूप अन्न शोषतो, त्यामुळे मुखाभोवती ओलावा आणि जीवाणू असतातच. कृमी या जीवाणूंवरच जगतात, कोळ्याचे ऊतक खात नाहीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही यजमान मरतो, कारण विषदंत व पेडिपाल्प (मुखाजवळची पायांसारखी उपांगे) यांच्या हालचाली बिघडून त्याला खाता येत नाही. उपासमार आठवडे, कधी महिनेही चालते.

लक्षणे : कोळी भक्ष्य म्हणून दिलेल्या रातकिड्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पेटीच्या कोपऱ्यात किंवा पाण्याच्या भांड्यावर मुटकुळे करून बसतो. विषदंतांच्या मध्ये दह्यासारखा पांढरा स्राव दिसतो. त्याचा ठिपका सलाइनच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कृमी वळवळताना दिसतात. केवळ पांढरा स्राव पाहून निदान करू नये.

खात्रीचा इलाज नाही. फेनबेंडॅझोल, आयव्हरमेक्टिन यांसारख्या कृमिनाशकांवर भिस्त ठेवता येत नाही. निदान पक्के झाल्यावर कोळ्याला उपाशी झिजू देण्यापेक्षा पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणे अधिक दयेचे होय. फोरिड माश्या (कुजक्या अन्नावर येणाऱ्या बारीक माश्या) संसर्गाच्या वाहक असाव्यात असा संशय आहे. म्हणून पेटीवर बारीक जाळी लावावी, उरलेले भक्ष्य लगेच काढावे, चिमटे वेगवेगळे ठेवावेत आणि नवा कोळी काही आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवूनच संग्रहात घ्यावा. रोगट कोळ्याच्या पेटीतली माती जाळून टाकावी.