सूर्य बुडाल्यावरचं लाल

"हवेत धूळ जास्त, म्हणून आज सूर्यास्त झकास!" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. जमिनीलगतची धूळ आणि धूर आकाश मळकट करतात. तांबडं व्हायला नुसती हवा पुरते. तिचे रेणू निळा प्रकाश लालच्या साधारण चौपट विखुरतात. क्षितिजावरच्या सूर्याचे किरण डोक्यावरच्या सूर्याच्या सुमारे 38 पट हवा कापून येतात. वाटेत निळा गळतो. हे शाळेतलंच.

खरी गंमत सूर्य बुडाल्यानंतरची. 27 ऑगस्ट 1883 ला जावा-सुमात्रामधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याच नोव्हेंबरात लंडनला चेल्सीत, थेम्सकाठी, विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट हा चित्रकार पेस्टलने आकाश टिपत होता, एकाच संध्याकाळची एकापाठोपाठ एक चित्रं. अशी पाचशेवर भरली. 26 नोव्हेंबरची काही रॉयल सोसायटीच्या 1888 च्या अहवालात छापली गेली. फोटो का नाहीत? तेव्हा फोटो ज्या काचांवर उमटत, त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. आणि जलरंग वाळेपर्यंत आकाश पालटतं. पेस्टल म्हणजे दाबून कांडी केलेली रंगाची भुकटी, वाळायची भानगडच नाही. (आजचा फोन लाल ओळखतो, पण 'दुरुस्त' करून फिका करतो, ते वेगळं.)

ज्वालामुखीतला सल्फर डायऑक्साइड वर जाऊन गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब झाले. त्यांचा थर समजा 20 किलोमीटरवर आहे. आपल्यासाठी सूर्य बुडाला, पण तो उंचावरून अजून दिसतो. किती वेळ? पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. 6,371 भागिले 6,391 हे ज्या कोनाचं कोसाइन, तो सुमारे साडेचार अंश. सूर्य क्षितिजाखाली तेवढा उतरेपर्यंत डोक्यावरचा थर उजळलेला राहतो. नोव्हेंबरातल्या लंडनात सूर्य तिरका बुडतो, त्यामुळे याला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. पश्चिमेकडचा थर त्याहूनही उशिरा विझतो. थरापर्यंत पोचलेला प्रकाश आधीच लाल झालेला, त्यात वरच्या हवेचा निळा मिसळला की जांभळट छटा येते.

अमेरिकेत पकिप्सी आणि न्यू हेवनला लोकांनी आग समजून बंब बोलावले. लाल आकाश पाहून रक्तपाताची भाकितं करणाऱ्यांपेक्षा ते बरे, निदान आग शोधायला तरी निघाले.

आता हेच गणित उलटं करा. उजेड किती वाजता विझला ते चित्रावर लिहिलेलं असेल, तर कोन मिळतो; कोनावरून थराची उंची. पेस्टलची कांडी आणि खिशातलं घड्याळ, बस्स.