व्हिला इजिएआ आणि व्हिलिनो फ्लोरिओ: घराणं एक, आर्किटेक्ट एक, पण वास्तू दोन

सिसिलीतल्या पालेर्मोचे फोटो बघताना एक घोळ हमखास दिसतो. फोटो असतो टोकदार छपरांच्या, छोट्या बुरुजांच्या व्हिलिनो फ्लोरिओचा आणि खाली लिहिलेलं असतं व्हिला इजिएआ, समुद्रकाठचं हॉटेल. घोळ होणारच म्हणा, कारण दोन्ही वास्तू फ्लोरिओ घराण्याच्या (मार्साला वाइन, टूना मासा, जहाजं, सगळ्यात पैसा केलेली माणसं), दोन्हींचा आर्किटेक्ट एर्नेस्तो बाझिले, दोन्ही कामं १८९९ च्या आसपासची, आणि स्टाइलही सेम, लिबर्टी, म्हणजे इटलीतलं आर्ट नूव्हो, वेली-फुलांसारख्या वळणांची त्या काळातली शैली.

आधी नावातच बघा. व्हिला म्हणजे बंगला धरला तर व्हिलिनो म्हणजे बंगली. बंगली धाकट्या भावाची, विन्चेन्झोची, ज्याने पुढे १९०६ मध्ये टार्गा फ्लोरिओ ही कार रेस सुरू केली तोच. ती शहरात आहे, ओलिवुत्सा भागात, एकेकाळी भोवती फ्लोरिओंची भलीमोठी बाग होती.

बंगला थोरल्या इग्नात्सिओचा, आणि तो पार समुद्राला लागून, माँते पेल्लेग्रिनो डोंगराच्या पायथ्याशी आक्वासान्ता नावाच्या वस्तीत, आक्वासान्ता म्हणजे आपल्या भाषेत तीर्थच. मुळात हा एका इंग्लिश अॅडमिरलचा बंगला, तो इग्नात्सिओने घेतला आणि ठरवलं की इथे टीबीच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम काढायचं, म्हणून ग्रीकांची आरोग्याची देवी हायजिया हिचं नाव दिलं, इटालियनमध्ये इजिएआ. पण बाझिलेचं काम होईपर्यंत बेत बदलला आणि १९०० मध्ये उघडलं ते ग्रँड हॉटेल. नाव मात्र देवीचंच राहिलं, मला ही गोष्ट फार आवडते.

बाहेरून इजिएआ किल्ल्यासारखं दिसतं, मधाच्या रंगाचा दगड, वर चर्या, चौकोनी बुरूज, त्यामुळे आत असं काही असेल याची कल्पनाच येत नाही. आतलं सर्वात मोलाचं म्हणजे साला बाझिले हा हॉल. त्याच्या भिंतींवर एत्तोरे दे मारिया बेर्गलरची चित्रं, झुळझुळीत लांब कपड्यातल्या बायका, त्यांच्या भोवती फुलंच फुलं, आणि लाकूडकाम पालेर्मोच्याच ड्युक्रो कारखान्याचं. जरा जवळून बघा, लाकडातलं कोरीव वळण कुठे संपतं आणि चित्रातला देठ कुठे सुरू होतो हे पटकन सांगता येत नाही, कारण आर्किटेक्ट, चित्रकार आणि सुतार तिघांनी मिळून एकच गोष्ट केलीय.

आता रिस्टोरेशन, आणि खरा फरक इथेच आहे. फ्लोरिओंची श्रीमंती ओसरली, मालक बदलत गेले, पण इजिएआचा हा हॉल टिकला. नंतर रोक्को फोर्टे हॉटेल ग्रुपने ते घेतलं आणि मोठं काम करून जून २०२१ मध्ये परत उघडलं, आता साधारण १०० खोल्या आहेत. खोल्यांचं फर्निचर, पडदे वगैरे बरंच नवीन आहे, पण साला बाझिलेच्या भिंती तेव्हाच्याच. म्हणजे तिथे जे होतं ते जपायचं काम होतं.

व्हिलिनोचं तसं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये एका रात्री ते जळालं, लागलेली आग नव्हे, लावलेली. त्या काळात पालेर्मोत जुने बंगले पाडून काँक्रीटच्या बिल्डिंगा उठवायचा सपाटा चालू होता, बाझिलेचाच व्हिला देलिएल्ला १९५९ मध्ये पाडला गेला आणि त्या जागेवर पुढे गाड्या पार्क व्हायला लागल्या, वाचूनसुद्धा पोटात तुटतं. व्हिलिनो निदान उभं राहिलं, पण आतलं लाकूडकाम, भिंतींवरची सजावट, फर्निचर यातलं पुष्कळ गेलं. मग रिस्टोरेशनला दशकं गेली, आणि गेलेल्या लाकूडकामातलं बरंचसं जुन्या फोटोंवरून नव्याने घडवावं लागलं. म्हणून तिथलं लाकूड बघून कोणी हे सगळं बाझिलेच्या वेळचं म्हणालं तर ते पूर्ण बरोबर नाही, आणि नकली म्हणून नाक मुरडणंही बरोबर नाही, त्या सुतारांनी फोटोतली वळणं लाकडात परत उतरवलीत, हे काही सोपं काम नव्हे.

तेव्हा पालेर्मोला गेलात तर टॅक्सीवाल्याला नुसतं फ्लोरिओंचा बंगला सांगू नका. समुद्र आणि भिंतीवरच्या त्या बायका बघायच्या तर इजिएआ सांगा. व्हिलिनोला जाणार असाल तर आगीआधीचा आतला एखादा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तिथे उभं राहून ताडून बघा.