पँटन खुर्ची: ‘पहिल्यापासून एकाच प्लॅस्टिकची’ हा गैरसमज

मागचे पाय नसलेली, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली पँटन खुर्ची साच्यात प्लॅस्टिक ओतलं आणि तयार झाली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आकार तोच राहिला, पण साहित्य अनेकदा बदललं.

डेन्मार्कचे डिझायनर व्हर्नर पँटन आणि व्हिट्रा या फर्निचर कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या पहिल्या खुर्च्या काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरच्या होत्या. थरावर थर हाताने चढवलेल्या. १९६८ मध्ये कडक पॉलियुरेथेन फोम आला. साच्यातून काढल्यावर प्रत्येक नगाला लांबी (पुट्टी) भरा, घासा, रंग मारा. खर्च तिथेच वाढायचा. १९७१ पासून लुरान-एस नावाच्या प्लॅस्टिकचे आधीच रंगवलेले दाणे वितळवून दाबाने साच्यात भरू लागले. रंगकाम वाचलं.

घोळ झाला तो इथेच. बसणाऱ्याचा भार सीटकडून पायथ्याकडे जाताना सगळा ताण त्या वळणावर येतो. म्हणून तिथे खालून आधाराच्या फासळ्या दिल्या होत्या. तरीही हे प्लॅस्टिक काळाबरोबर ठिसूळ होऊन तडकू लागलं आणि १९७९ मध्ये उत्पादन थांबलं. दोष आकाराचा नव्हता, साहित्याच्या वार्धक्याचा होता. पुढे ती पुन्हा पॉलियुरेथेनमध्ये आली. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त आवृत्ती १९९९ ची.

जुनी खुर्ची घेताना ती उलटी करा. फासळ्या दिसल्या तर लुरान-एसची शक्यता मोठी. वळणाजवळ केसाएवढी जरी चीर असेल, तरी तिच्यावर बसू नका.